रसायनशास्त्राची सावड

परवा संध्याकाळी आमच्या ओट्यावर चांगलंच भांडण जुंपलं होतं. विषय होता तांदूळ! म्हणजे खरा विषय अकरावीच्या केमिस्ट्रीतला ‘मोल’, पण पोरी भांडत होत्या तांदळावरून.

‘‘मोल म्हणजे आपली पायली गं. तांदळाचे दाणे कुणी मोजत बसतं का? पायली भरली की झालं. तसेच अणू मोजता येत नाहीत, म्हणून मोल,’’ एक जण ठामपणे सांगत होती.

‘‘हो का? मग वाडा कोलमची पायली भर आणि जाड्या तांदळाची भर. दाणे सारखे निघतील?’’ दुसरीने तिला तिथेच अडवलं. ‘‘मोलमध्ये नग सारखे लागतात. ते पायलीसारखं नाही, डझनासारखं आहे. डझनभर केळी आणि डझनभर कलिंगडं. नग तेवढेच, वजन वेगळं.’’

दोन मिनिटं शांतता. मग एरवी तोंडातून शब्द न काढणारी तिसरी हळूच म्हणाली, ‘‘म्हणून एक मोल कार्बन बारा ग्रॅम आणि एक मोल पाणी अठरा ग्रॅम होय! मी नुसतं पाठ केलं होतं.’’

तेवढ्यात शेजारच्या काकांनी गेटातून विचारलं, ‘‘काय वहिनी, पोरी अभ्यास करतायत की बाजार भरवलाय?’’

मी हसून वेळ मारून नेली. पण खरं सांगू का, चार वर्षांपूर्वी मीही हेच म्हटलं असतं. म्हटलंच होतं. त्याचीच ही गोष्ट आहे.

माझं माहेर मुरबाड तालुक्यातलं, सासर शहापूरचं. दहावीला विज्ञानात बरे मार्क होते, पण सायन्सला जायचं म्हणजे लांबचं कॉलेज, एस.टी.चे धक्के, उशिरा घरी येणं. ‘मुलीच्या जातीला कशाला?’ या एका वाक्यावर आर्ट्स ठरलं. त्याचं मला आता दुःख नाही. संसार सांभाळून बचत गटांचं काम करते, वाड्या-पाड्यांवर फिरते, मजेत आहे. पण लेक सायन्सला गेली तेव्हा मी हट्टालाच पेटले. हिने पुढे जायचंच! आणि त्या हट्टाच्या भरात तिला एक मंत्र दिला, ‘‘हे बघ, तुझं तू बघ. कुणाला वह्या देत बसू नकोस, कुणाला शिकवत बसू नकोस. तुझा वेळ जातो.’’

तिची एक मैत्रीण होती, किन्हवलीच्या पलीकडच्या एका पाड्यावरची. दहावीपर्यंत मराठी माध्यम, वडील वीटभट्टीवर. अकरावीला सगळं इंग्रजीत आलं आणि पोर बावरली. दर शनिवारी ती आमच्याकडे यायची, केमिस्ट्रीची वही मागायची, ‘थोडं समजावून देतेस का?’ म्हणायची. मी आतून आवाज द्यायचे, ‘‘परीक्षा जवळ आलीय बरं का!’’ तेवढं तिला पुरलं. शनिवार बंद झाले. बारावीला तिचे बाकीचे विषय कसेबसे निघाले, केमिस्ट्री राहिली. जुलैच्या पुरवणी परीक्षेचा फॉर्म भरायचाही तिने कंटाळा केला. मग एका कंपनीत पॅकिंगच्या कामाला लागली.

ती नापास झाली ती माझ्यामुळे, असं मी म्हणणार नाही. तिच्या नापास होण्याला दहा कारणं असतील. पण त्यातलं एक कारण आमच्या दारात उभं होतं आणि ते मीच होते, हे मला पक्कं ठाऊक आहे.

माझी लेक तरी पुढे गेली का? मार्क चांगले पडले. पण एके दिवशी मी तिला सहज विचारलं, ‘‘हे मोल म्हणजे काय गं?’’ तिने घडाघडा व्याख्या म्हटली. मी म्हटलं, ‘‘मराठीत सांग, मला कळेल असं.’’ पोरगी गप्प झाली. मग रडकुंडीला येऊन म्हणाली, ‘‘आई, मला सोडवता येतं, सांगता येत नाही.’’ त्या दिवसापासून मी या विषयाच्या मागे लागले. बी.एड. करणाऱ्या भाचीची पुस्तकं चाळली, शिक्षकांना छळलं, आणि जे कळलं ते तुम्हाला सांगते.

पहिली गोष्ट ही, की केमिस्ट्री इतकी अवघड का जाते याचं उत्तर ‘पोरं अभ्यास करत नाहीत’ एवढं सोपं नाही. ग्लासगो विद्यापीठातल्या अ‍ॅलेक्स जॉनस्टन नावाच्या प्राध्यापकांनी ते फार छान उलगडलं आहे. हा विषय एकाच वेळी तीन पातळ्यांवर चालतो. एक, डोळ्यांना दिसतं ते. चुनखडीवर आम्ल टाकलं, फसफसलं. दुसरी, जे कधीच दिसत नाही ते. अणू, रेणू, त्यांची तुटणारी-जुळणारी बंधनं. आणि तिसरी, कागदावरची चिन्हं आणि समीकरणं. शिक्षकांना सवय असते, ते या तिन्हींवर सरासर उड्या मारत जातात. मूल मात्र एका पायरीवरच अडकून बसतं, आणि आपण कुठे अडकलो हेही त्याला सांगता येत नाही.

त्यात आमच्याकडे चौथी पायरी आहे, भाषेची. दहावीला ‘रासायनिक अभिक्रिया व समीकरणे’ शिकलेली मुलगी अकरावीला एकदम इंग्रजीत येऊन पडते. ‘संयुजा’ची ‘व्हॅलन्सी’ होते, ‘क्षपण’चं ‘रिडक्शन’. मुंबईत मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे, 1974 साली सुरू झालेलं. प्रा. वि. गो. कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महापालिकेच्या शाळांमधल्या गरीब मुलांबरोबर बरंच काम केलं. तेव्हा त्यांना हेच दिसलं, की मुलांची बुद्धी कमी पडत नाही, विज्ञानाची भाषा आडवी येते.

आता सांगा, या चार पायऱ्या एकटीने, खोलीचं दार लावून, गाईड पुढे ठेवून चढता येतात? एखादीला येतही असतील. पण बहुतेकांना लागतं कुणीतरी विचारणारं, ‘अगं पण असं कसं?’ पायली आणि डझनाचं भांडण झालं नसतं तर आमच्या त्या तिसऱ्या मुलीला बारा आणि अठरा ग्रॅमचा उलगडा कधी झाला असता? आणि पायलीवालीची चूक तरी कुणाच्या लक्षात आली असती? शिक्षकांसमोर ती पायलीचं नावही काढणार नाही. वर्गात साठ-सत्तर मुलं, त्यात हसं होण्याची भीती. मैत्रिणीपुढे चुकायला लाज वाटत नाही, हा तर सगळा फायदा आहे.

जगात यावर खूप अभ्यास झाला आहे. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात डेव्हिड आणि रॉजर जॉन्सन या दोघा भावांनी कित्येक वर्षं हाच ध्यास घेतला होता. स्पर्धा करत किंवा एकेकटं शिकण्यापेक्षा एकमेकांच्या साथीने शिकलेल्या मुलांची प्रगती सरासरीने चांगली होते, असा त्यांचा निष्कर्ष. तिथल्याच एलियट अ‍ॅरन्सन या मानसशास्त्रज्ञाने 1971 मध्ये टेक्सासमधल्या ऑस्टिनच्या शाळांत एक युक्ती केली. गोरी, काळी आणि मेक्सिकन वंशाची मुलं नुकती एका वर्गात आली होती आणि वातावरण तापलेलं होतं. त्याने धड्याचे तुकडे केले आणि गटातल्या प्रत्येक मुलाला एकेक तुकडा दिला. आपला तुकडा नीट शिकायचा आणि बाकीच्यांना शिकवायचा. एकाने जरी टाळाटाळ केली तरी सगळ्यांचा धडा अपुरा! मग ज्याला कुणी विचारत नव्हतं त्याचंही ऐकून घेणं भाग पडलं.

पण मैत्रिणींनो, थांबा. ‘चला, गट करा’ म्हटलं आणि मार्क वाढले, असं मात्र होत नाही. रॉबर्ट स्लाव्हिन या अभ्यासकाने यावर नेमकं बोट ठेवलं. गटात शिकण्याचा खरा फायदा दिसतो तो दोन अटी पाळल्या तर. सगळ्या गटाचं ध्येय एक हवं, आणि त्या गटातल्या प्रत्येकाला स्वतःचा हिशेब द्यावा लागायला हवा.

हे वाचलं आणि मला हसूच आलं. अहो, ही तर आपली सावड! आवणीच्या दिवसांत आमच्याकडे काय करतात? आज सगळे तुझ्या शेतावर, उद्या सगळे माझ्या शेतावर. ध्येय एक, पाऊस आहे तोवर सगळ्यांची आवणी उरकायची. आणि हिशेब चोख. जो दुसऱ्याच्या चिखलात उतरत नाही, त्याच्या शेतावर कुणी फिरकत नाही. बचत गटात तरी दुसरं काय असतं? कर्ज गटाच्या जिवावर मिळतं, पण हप्ता जिचा तिला भरावाच लागतो. ज्या बायांना आपण अडाणी म्हणतो त्या हे वर्षानुवर्षं करत आल्या आहेत. आणि त्यांच्याच मुलींना आपण सांगतो, तुझं तू बघ!

सावड नसलेला गट कसा असतो तेही पाहिलंय मी. एका कॉलेजात प्रयोगशाळेत डोकावण्याचा योग आला. बारावीला 70 मार्क लेखीचे आणि 30 प्रात्यक्षिकाचे, त्यामुळे प्रॅक्टिकल महत्त्वाचं. टायट्रेशन चाललं होतं. एका टेबलाशी सहा जण. ब्युरेटचा नळ एका मुलाच्या हातात. दोन मुलगे बाजूला उभे राहून गप्पा मारतायत. एक मुलगी परीक्षानळ्या विसळतेय, दुसरी सुंदर अक्षरात सगळ्यांसाठी रीडिंग उतरवतेय. सहावी कोपऱ्यात उभी, कुणी विचारलंच नाही तिला. शेवटी सहाही जर्नलमध्ये एकच सी.बी.आर.! बाहेर आल्यावर मी त्या सुंदर अक्षरवालीला विचारलं, ‘‘रंग बदलला तेव्हा नेमकं काय झालं गं?’’ म्हणाली, ‘‘मी पाहिलंच नाही, मी लिहीत होते.’’

याला ग्रुप म्हणतात, सहकार्य नाही. इथे धुणं-पुसणं आणि लिहिणं मुलींकडे, नळ मुलांकडे. घरातलीच वाटणी प्रयोगशाळेत आली! यातून कुणाचाही निकाल वाढणार नाही. उलट ‘ग्रुप स्टडी म्हणजे टाइमपास’ म्हणणाऱ्यांचं खरं होईल. सहकार्य हे कौशल्य आहे, स्वयंपाकासारखं. तेही शिकवावं लागतं. ऐकून घेणं, न रागावता ‘मला पटलं नाही’ म्हणणं, ‘मला कळलं नाही’ हे कबूल करणं, गप्प बसलेलीला बोलतं करणं. यातलं काहीच आपोआप येत नाही.

आपल्या देशात हे कुणी केलंच नाही असंही नाही. मध्य प्रदेशात होशंगाबादला 1972 मध्ये अवघ्या सोळा शाळांतून विज्ञान शिकवण्याचा एक उपक्रम सुरू झाला. खेड्यातली मुलं चार-चारच्या टोळीत बसून स्वतः प्रयोग करायची, निरीक्षणं लिहायची, वाद घालायची. तो पुढे शेकडो शाळांत पसरला आणि 2002 मध्ये बंद झाला. पण महागडी प्रयोगशाळा नसतानाही खेड्यातलं पोर विज्ञान करू शकतं, हे त्याने दाखवून दिलं.

आणि इतक्या लांब कशाला? आमच्या मुरबाड तालुक्यातलं फांगणे गाव आठवा. 8 मार्च 2016 ला तिथे योगेंद्र बांगर गुरुजींनी आजीबाईंची शाळा सुरू केली. गुलाबी नऊवारी नेसून, दप्तर घेऊन साठी-सत्तरीच्या आज्या शाळेत निघाल्या आणि जगभर त्यांचे फोटो झळकले. मला त्यात मोठं वाटलं ते एकच. यातल्या एकेकीला घरी बसवून पाटी दिली असती तर कितीजणींनी हातात धरली असती? सगळ्याजणी मिळून चुकल्या, हसल्या, म्हणून शिकल्या. सत्तरीच्या बाईला जे लागतं ते सतराव्या वर्षीच्या मुलीला लागणार नाही?

काहीजणींची शंका वेगळीच असते. ‘ग्रुप म्हणजे मुलंही आली, नको ती भानगड.’ ही भीती मी समजू शकते, आईच आहे मी. पण याच भीतीने कितीजणींच्या तोंडावर दारं लावली आहेत! कमला सोहोनी, त्या वेळच्या कमला भागवत, 1933 मध्ये मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन बंगळूरच्या विज्ञान संस्थेत गेल्या तेव्हा केवळ बाई म्हणून सी. व्ही. रामन यांनी आधी नकार दिला होता. त्या हटल्या नाहीत म्हणून प्रवेश मिळाला, तोही अटींवर. पुढे 1939 मध्ये त्यांनी केंब्रिजची डॉक्टरेट मिळवली. आपल्या आदिवासी भागातल्या कुपोषित मुलांसाठी नीरा किती उपयोगी, यावरचं त्यांचं काम तर आपल्या अगदी जवळचं. दार उघडं ठेवून, मोठ्यांच्या नजरेसमोर, ओट्यावर बसवा ना पोरांना! पण बसवा.

दुसरी शंका हुशार मुलीच्या आईची, म्हणजे माझीच जुनी शंका. ‘माझीचा वेळ वाया जातो त्याचं काय? परीक्षा तर एकटीनेच द्यायची असते.’ खरं आहे. पेपर एकटीनेच लिहायचा असतो. म्हणूनच तर गटात प्रत्येकीचा हिशेब हवा. पण समजावून सांगताना सांगणारीचंच ज्ञान पक्कं होतं, हे माझ्या डोळ्यांनी मी पाहिलंय. ऑक्झॅलिक आम्लाच्या टायट्रेशनमध्ये द्रावण आधी गरम का करतात, असं एका मुलीने विचारलं तेव्हा आमची हुशार लेक अडखळली. ‘पुस्तकात लिहिलंय म्हणून’ एवढंच तिला माहीत. मग दोघींनी मिळून शोधलं. थंड असताना ती क्रिया सुरुवातीला फार संथ चालते, गुलाबी रंग लगेच जात नाही आणि आपण फसतो. हा प्रश्न एकटीला पडलाच नसता.

सगळं गोडगोड झालं असंही नाही हं. ओट्यावर सुरुवातीला पाच जणी होत्या. दोघींचे मार्क चांगले वाढले, एकीचे जेमतेम, एकीचे होते तिथेच राहिले. एकीने दुसरीची नक्कल करून वही भरली, त्यावरून रुसवे-फुगवे झाले. मग मीच नियम घातला. रोज चिठ्ठी काढायची, जिचं नाव निघेल तिने त्या दिवसाचा भाग वही मिटून मला समजावायचा. मला, आर्ट्सवालीला! मला कळलं तर चहा, नाही तर पुन्हा. गेल्या पावसाळ्यात गावच्या विहिरीत टाकायची टीसीएल पावडर उघड्या पोत्यात पडलेली दिसली, तेव्हा यांनीच सरपंचांना जाऊन सांगितलं, की उघडी राहिली तर तिच्यातला क्लोरीन उडून जातो, मग ती टाकून उपयोग नाही. ओ.टी.चे थेंब टाकून पाणी पिवळं होतं का तेही आशाताईंबरोबर पाहून आल्या. भातसा, तानसा, वैतरणा आमच्या तालुक्यात, मुंबईची तहान आम्ही भागवतो आणि उन्हाळ्यात आमच्याच पाड्यांवर टँकर! त्या पोरींना पाण्याचं रसायन कळायलाच हवं.

म्हणून माझं कळकळीचं मागणं आहे. शिक्षकांनी गट पाडताना चारच्या वर नेऊ नयेत, आणि नळ, निरीक्षण, नोंद, साफसफाई यांची पाळी दर प्रयोगाला बदलावी. तोंडी परीक्षेत गटातल्या कुणालाही उठवून विचारावं. प्राचार्यांनी शेवटच्या एस.टी.ची वेळ लक्षात घेऊन दुपारीच तासभर एखादी खोली उघडी ठेवावी. कारण पाड्यावरच्या मुलीला ‘संध्याकाळी थांब’ म्हणणं म्हणजे ‘येऊ नकोस’ म्हणणंच. आणि आयांनो, आपण? आपल्याला केमिस्ट्री येत नाही, हरकत नाही. ओटा आहे, दिवा आहे, चहा आहे. आणि ‘मला समजावून सांग’ म्हणायला डिग्री लागत नाही.

ती किन्हवलीकडची मुलगी? मागच्या दिवाळीत लेक तिच्या घरी जाऊन आली. मीही गेले. काय बोलायचं ते ठरवून गेले होते, तिथे गेल्यावर सुचेना. एवढंच म्हटलं, ‘‘शनिवारी येत जा गं.’’ ती काही बोलली नाही. तिच्या आईने चहा टाकला.

आता ती सुट्टीच्या दिवशी येते. आधी दाराजवळ बसायची, आता मध्ये सरकली आहे. केमिस्ट्रीचा रिपीटर फॉर्म भरलाय. निकाल काय लागेल ते मला माहीत नाही. पण परवाच्या भांडणात, पायलीवालीला ‘दाणे सारखे निघतील का?’ असं विचारणारी तीच होती.